चहा, पाणी आणि प्रायश्चित्त

एकादशीचे व्रत कसोशीने पाळणाऱ्या अनेक घरांतही चहा वर्ज्य मानला जात नाही. देवपूजा झाल्याखेरीज अन्नास न शिवणारी कितीतरी माणसे पूजेपूर्वी चहा घेतात, आणि त्यामुळे आचार बिघडला असे त्यांस वाटत नाही. देवापुढे मात्र चहाचा नैवेद्य सहसा कोणी ठेवीत नाही. अन्न नव्हे, औषध नव्हे, प्रसाद तर नव्हेच, असे हे पेय आपल्या आचारधर्मात स्वतःची एक निराळी जागा करून बसले आहे. ही जागा त्यास सुखासुखी मिळालेली नाही. याच चहापायी पुण्यातील थोर पुरुषांवर ग्रामण्य झाले, शास्त्र्यांची चौकशी बसली व प्रायश्चित्ते घेतली गेली, त्यास अद्याप दीडशे वर्षेही लोटलेली नाहीत. परदेशचे हे पान आपल्या स्वयंपाकघरात कसे शिरले याचा मागोवा घेऊ लागले, म्हणजे पानापेक्षा पाण्याचाच इतिहास अधिक हाती लागतो.

चहाचे मूळ घर चीन. त्याची नावेही तेथलीच. दक्षिण चीनमधील कँटनकडील भाषेत त्यास 'चा' म्हणतात, तर फूच्येनच्या किनाऱ्यावर 'ते'. डच व्यापाऱ्यांनी दुसरे नाव उचलले व त्यातून इंग्रजांची 'टी' झाली. पोर्तुगीजांचा तळ मकावला असल्यामुळे त्यांनी पहिले नाव घेतले. आपला 'चहा', हिंदीतील 'चाय' आणि कोकणीतील 'च्या' ही सर्व मंडळी पहिल्याच कुळातली. यान ह्यूखेन फान लिन्सखोतेन हा डच गृहस्थ 1583 पासून 1588 पर्यंत गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. 1596 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जपानी लोक 'चा' नावाच्या वनस्पतीची पूड गरम पाण्यात घालून पितात, असे त्याने लिहिले आहे. तो स्वतः जपानला गेलेला नव्हता. तेव्हा गोव्यात त्या काळी चहा पीत होते असे यावरून ठरत नाही. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांबरोबर चहाची वार्ता गोव्यास पोहोचली होती, इतकेच ठरते.

पश्चिम किनाऱ्यावर चहा प्रत्यक्ष प्याला जात होता याचा निःसंदिग्ध पुरावा सुरतेचा आहे. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी 1638 साली तेथे होता. वखारीतील नित्याच्या बैठकींत चहा घेतला जाई, असे त्याने नमूद केले आहे. पुढे 1689 साली आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने तर अधिक मनोरंजक माहिती दिली आहे. सुरतेचे वाणी चहा मोकळेपणाने घेत; त्यात कोणी खडीसाखर घाली, कोणी मुरवलेले लिंबू, तर कोणी उष्ण मसाले, आणि डोकेदुखी व पोटातील मुरडा यांवर तो गुणकारी समजला जाई. या टिपणात दुधाचा मागमूस नाही. मसाला मात्र आहे! मसाल्याचा चहा ही अलीकडची टूम समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या भूमीत सुंठ, मिरी, तुळस व गवती चहा यांचा काढा घरोघर उकळत होता, तेथे चीनचे पान आले तेव्हा लोकांनी त्यासही काढ्याच्याच पंक्तीस बसविले.

तथापि हा चहा बंदरावरच्या सधन लोकांपुरता राहिला. इंग्लंडात त्याची मागणी जसजशी वाढली, तसतसे त्याचे मोल चीनला चांदीत मोजणे ईस्ट इंडिया कंपनीस जड जाऊ लागले. ते मोल भागविण्यासाठी अफू पुढे आली, आणि येथे माळव्याचा संबंध येतो. बंगालच्या अफूवर कंपनीचा मक्ता होता. पण होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकणारी अफू मुंबईहून, आणि कंपनीची बंदी चुकवून पोर्तुगीजांच्या दमणहूनही, चीनला रवाना होई. इंदूर-उज्जैनकडच्या सावकारी पेढ्यांची व मुंबईच्या अनेक व्यापारी घराण्यांची भरभराट या व्यापारावर झाली. लंडनमधील चहाच्या पेल्याची किंमत अशा रीतीने काही अंशी माळव्याच्या शेतांतून चुकती होत होती. त्या काळी माळव्यातील सामान्य मराठी घरात पाहुण्यापुढे येई ते गूळपाणी, चहा नव्हे.

चहा हिंदुस्थानात पिकू लागला तो आसामात. तेथील सिंगफो लोकांस या झाडाची पूर्वीपासून ओळख होती. 1823 साली रॉबर्ट ब्रूस यास ती त्यांच्याकडून कळली. 1839 च्या जानेवारीत आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला. पुढे दार्जिलिंग व निलगिरी येथे मळे उभे राहिले. परंतु हा सर्व माल बव्हंशी परदेशी जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे चहा होता तो नव्या शिक्षणाबरोबर आलेला, कचेरीतला व शहरातला. अशा वेळी पुण्यास ते प्रसिद्ध प्रकरण घडले.

1890 सालच्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही त्या ठिकाणी हजर होते. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हा योग जुळवून आणला होता, आणि हजर मंडळींची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करण्याचे कामही त्यांनीच केले. गावात मोठे वादळ उठले. सनातनी पक्षाने संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. संकेश्वर म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्याचे गाव. पुण्याच्या एका पेल्याचा निवाडा करण्याचे काम अशा रीतीने आपल्या सीमाभागातील पीठाकडे आले. शंकराचार्यांनी चौकशीस शास्त्री नेमले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी मित्रांची अडचण ओळखून 1892 साली प्रायश्चित्त घेतले व त्याबद्दल सुधारकांचे बोल सोसले. प्रायश्चित्त नाकारणाऱ्यांच्या घरी धर्मकृत्यास भिक्षुक मिळणे दुरापास्त झाले.

या वादात एक गोष्ट सहज नजरेआड होते. चहाचे पान अपवित्र आहे असे फिर्यादीचे म्हणणे नव्हते. दोष होता तो चहा करणाऱ्याच्या व देणाऱ्याच्या हाताचा. तेच पान, तेच दूध, तीच साखर घरातील चुलीवर उकळली असती तर शंकराचार्यांपर्यंत जाण्याचे कारण पडले नसते. म्हणजे निवाडा चहाचा नव्हताच. पाणी कोणाच्या हातचे चालते, याचा तो निवाडा होता.

चहा पुढे सर्वत्र पसरला, पण हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ गेला. मुंबई-पुण्यास इराण्यांची हॉटेले निघाली. तेथे कोणासही मज्जाव नव्हता, म्हणून सोवळी मंडळी त्यांच्या दाराशी थबकत. त्यांच्यासाठी ब्राह्मणांच्या हॉटेलांच्या पाट्या लागल्या, उडुपी हॉटेले आली. आगगाडीच्या स्थानकांवर 'हिंदू चहा' व 'मुसलमान चहा' अशा वेगळ्या आरोळ्या उठत. आझाद हिंद सेनेच्या बंदिवानांना दिल्लीत असाच वेगवेगळा चहा मिळे, तेव्हा दोन्ही चहा एकत्र ओतून ते आपसात वाटून घेत. 1945-46 च्या सुमारास गांधीजी त्यांच्या भेटीस गेले असता ही हकीकत त्यांनी सांगितली. याहून कठोर होता तो गावोगावच्या चहाच्या दुकानातील दुजाभाव. अस्पृश्य मानलेल्या माणसासाठी वेगळा पेला बाहेर ठेवलेला असे. चहा पिऊन तो त्यानेच विसळून ठेवायचा. 1927 च्या मार्चात डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. त्यानंतर तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. दुकाने, उपाहारगृहे व पाणवठे सर्वांस खुले असावेत हे 1950 साली राज्यघटनेने सांगितले, आणि 1955 च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे शिक्षेस पात्र ठरविले. तरीही वेगळा पेला एका दिवसात नाहीसा झाला नाही.

आता चहा करण्याच्या रीतीकडे वळू. कारण आपलेपणाची खूण तेथेच आहे. हिरवा व काळा चहा ही एकाच झाडाची पाने. खुडल्यावर लगेच तापविली म्हणजे ती हिरवी राहतात. सुकवून, चुरगाळून हवेवर ठेवली म्हणजे काळवंडतात व कडक होतात. हिरव्या पानावर खळखळते पाणी ओतू नये, ते कडवट होते. उकळी बसल्यावर किंचित निवालेले पाणी घालून दोन-तीन मिनिटे झाकून ठेवावे. दार्जिलिंगच्या पानास किटलीत चारेक मिनिटे पुरतात, आणि त्याचा सुगंध दुधाने दबतो. 1903 च्या कायद्याने चहावर कर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पुढे 1930 नंतर प्रचारक शहरांतून घरोघर हिंडले, तेव्हा त्यांनी शिकविली ती हीच किटलीची रीत: पाणी ताजे, किटली ऊन केलेली, माणशी एक चमचा पूड, दूध मागाहून. लोकांनी चहा घेतला, पण रीत घेतली नाही. त्यांनी आपल्या काढ्याप्रमाणे पाणी, पूड, दूध, साखर व आले एकत्र उकळले. त्याच दशकात आसामात निघालेल्या यंत्राने दाणेदार पूड तयार होऊ लागली. थोड्या पुडीत गडद रंग व कडक चव देणारा तो चहा या उकळण्यास नेमका मानवला, आणि गरिबाच्या घरी चहा पोहोचला.

या रीतीवर आक्षेप आले नाहीत असे नाही. 1942 साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर जी प्रकरणे लिहिण्यास घेतली, त्यांत पानावर उकळते पाणी ओतून गाळलेला, गवताच्या रंगाचा फिका चहा त्यांनी निरुपद्रवी मानला. मात्र पाने उकळून त्यांतील टॅनिन उतरविणाऱ्या आपल्या पद्धतीस त्यांनी दोष दिला. उपदेश ऐकला गेला, चूल मात्र बदलली नाही. हैदराबादेत इराण्यांनी झाकलेल्या भांड्यात मंद आचेवर चहाचा अर्क उतरवून, निराळे आटविलेले दूध त्यात घालण्याची चाल पाडली. कोकणात व गोव्यात गवती चहाची पात व आले पातेल्यात पडते. गुळाचा चहा व कोरा चहा अजून अनेकांच्या आवडीचे आहेत. अलीकडच्या वर्षांत देशात वर्षाला 130 कोटी किलोहून अधिक चहा पिकतो, आणि त्यातील बहुतेक देशातच संपतो.

देवळाच्या अग्रशाळेत उतरलेला यात्रेकरू पहाटे चहा मागतो, तेव्हा तो कोणी केला हे आज बहुधा विचारीत नाही. शास्त्राने नव्याने परवानगी दिली म्हणून हे घडले नाही. रोजच्या तलफेने, आगगाडीने, कायद्याने आणि वेगळा पेला नाकारणाऱ्यांच्या धैर्याने ते घडविले. उपवासास चालणारा चहा ही आपल्या आचारातील लवचिकपणाची साक्ष आहे. पानाच्या बाबतीत आपण इतके उदार झालो. हाताच्या बाबतीतही तितकेच झालो आहोत काय, याचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या घरातील पेल्यांच्या फळीकडे पाहून द्यावे.