मागच्या आंसाचें तेल

मोटारीच्या इतिहासांत इंजिनाला जेवढा मान मिळाला तेवढा दुसऱ्या कोणत्याहि अवयवाला मिळाला नाहीं. इंजिन गर्जतें, धूर सोडतें, बिघडलें तर सर्वांस हांक मारून सांगतें. परंतु मागच्या आंसावर, दोन चाकांच्या मधोमध, जी लोखंडी कढईसारखी फुगीर पेटी लोंबत असते, तिच्याकडे मालकाचें लक्ष बहुधा तिच्यांतून घरघर ऐकूं येऊं लागल्यावरच जातें. आणि तोंवर उशीर झालेला असतो. या पेटीस डिफरन्शिअल म्हणतात. तिच्या तळाशीं तीन-एक लिटर जाड, उग्र वासाचें तेल असतें. त्या तेलाची कथा इंजिनाच्या कथेइतकीच मोठी आहे, आणि तिच्यांत महासागरांतील एका प्राण्याचाहि वांटा आहे.

वळण घेतांना बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक वाट चालावी लागते, हें भूमितीचें साधें सत्य आहे. दोन चाकांत पांच फुटांचें अंतर असेल तर काटकोनांत वळतांना हा फरक जवळजवळ आठ फुटांचा पडतो. बैलगाडीला याची अडचण नाहीं. तिचीं चाकें आंसावर मोकळीं फिरतात व ओढणारे बैल पुढें असतात. चाकांनाच शक्ति द्यावयाची ठरली म्हणजे मात्र दोन्ही चाकें एका आंसास जखडून भागत नाहीं. एक चाक फरफटत जातें, नाहीं तर आंस पिळला जातो. घड्याळांच्या कामांत मुरलेला फ्रेंच यंत्रज्ञ ऑनेसिफोर पेकर यानें १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं यावर तोड काढली व तिचें पेटंट घेतलें. लहान दंतचक्रांची एक जोडी मध्यें बसवून त्यानें अशी योजना केली कीं, एक चाक जितकें मागें राहील तितकें दुसरें पुढें धांवावें.

वाफेच्या गाड्या फारशा चालल्या नाहींत आणि पेकरची युक्तीहि मागें पडली. पन्नास वर्षांनंतर, १८७७ सालीं, इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं जेम्स स्टार्ले यानें ती आपल्या पायगाडीसाठीं पुन्हां शोधून काढली. स्टार्ले मूळचा शिवणयंत्रें करणारा. तो आपल्या मुलासह शेजारीं शेजारीं बसून दोघांनीं चालवावयाच्या गाडीवर निघाला असतां, तरुण मुलाच्या पायांचा जोर अधिक पडून गाडी एका बाजूस कलंडली, आणि त्यांतून त्याला ही कल्पना सुचली, असें सांगतात. कार्ल बेन्झनें १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या मोटारींत डिफरन्शिअल होतें. लुई रेनॉनें १८९८ सालीं सांखळीऐवजीं लांब दांड्यानें शक्ति मागें नेली, आणि हीं दंतचक्रें बंद पेटींत तेलाच्या डोहांत फिरूं लागलीं.

पहिलीं पंचवीस-तीस वर्षें या तेलाला फारसें अवघड काम नव्हतें. जमिनींतून निघालेलें जाड खनिज तेल ओतलें कीं भागत असे. दंतचक्रें कर्कश आवाज करीत. तो कमी व्हावा म्हणून १९१३ च्या सुमारास वांकड्या दांतांचीं चक्रें आलीं. त्यांनाहि साधें तेल पुरलें.

१९२६ सालीं चित्र पालटलें. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथें ग्लीसन या नांवाचा, दंतचक्रें कापण्याचीं यंत्रें करणारा कारखाना होता. तेथील अर्नेस्ट वाइल्डहाबर व आर्थर स्टुअर्ट यांनीं हायपॉइड जातीच्या चक्रांची रचना प्रसिद्ध केली, आणि पॅकार्ड कंपनीनें तीं आपल्या मोटारींत बसविलीं. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोंकाला पिनियन हें लहान चक्र असतें. तें क्राऊन या मोठ्या चक्राला फिरवितें. पूर्वीं पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर भिडत असे, तें आतां मध्यरेषेच्या खालीं भिडूं लागलें. दांडा खालीं आला, गाडीची बैठक खालीं आली, बांधा ठेंगणा व डौलदार झाला. विक्रेत्यांना तें आवडलें, गिऱ्हाइकांनाहि आवडलें. किंमत मोजली ती तेलानें.

याचें कारण स्वयंपाकघरांतील दोन वस्तूंवरून ध्यानांत येईल. पोळपाटावर लाटणें फिरतें तेव्हां तें मुख्यतः गडगडत जातें. पाट्यावर वरवंटा फिरतो तेव्हां तो दाबलाहि जातो आणि घासलाहि जातो. जुन्या चक्रांचे दांत बरेचसे लाटण्यासारखे वागत. हायपॉइडचे दांत वरवंट्यासारखे वागतात. एका वेळीं दोन-तीन दांतच एकमेकांस भिडलेले असतात आणि गाडीचा सारा जोर त्यांवर पडतो. त्या दाबाखालीं आणि त्या घसटीनें साध्या तेलाचा थर फाटतो, लोखंड लोखंडास लागतें, क्षणभर तेथें सांधा जुळतो आणि लगेच तुटतो. दांतांवर ओरखडे उठतात व कांहीं दिवसांत पेटी ओरडूं लागते.

उपाय निघाला तो गंधकाचा. गंधकयुक्त पदार्थ तेलांत मिसळले असतां, जेथें घर्षणानें धातु तापते नेमका तेथेंच गंधक लोखंडाशीं संयोग पावून एक पातळ थर निर्माण करतो. हा थर स्वतः झिजतो, पण दांतांना एकमेकांत रुतूं देत नाहीं. अडचण एवढीच होती कीं, गंधक तेलांत नीट विरघळून राहावा कसा? येथें देवमासा पुढें आला.

स्पर्म जातीच्या देवमाशाच्या प्रचंड डोक्यांत व चरबींत जें तेल असतें, तें रसायनदृष्ट्या तेल नव्हेच. तें द्रवरूप मेण आहे. गंधक तें सहज घेतें, खनिज तेलांत मिसळून राहतें आणि धातूला घट्ट धरून असतें. त्यामुळें गंधकयुक्त देवमाशाचें तेल गिअरांच्या वंगणांत आणि पुढें ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या द्रवांत मोठ्या प्रमाणावर वापरलें जाऊं लागलें. १८५९ सालीं पेनसिल्व्हेनियांतील टायटसव्हिल येथें खनिज तेलाची विहीर लागली, दिव्यांत रॉकेल आलें आणि देवमासे वांचले, असें वारंवार सांगितलें जातें. हें अर्धेंच खरें आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मिळून या जातीचे सुमारें ३,००,००० मासे मारले गेले असावेत. विसाव्या शतकांत ही संख्या ७,००,००० हून अधिक भरते. १९६४ च्या सुमारास तर एकाच वर्षांत २५,००० हून अधिक मारले गेले. सगळाच दोष मोटारीचा नव्हे; साबण, चामडें, प्रसाधनें यांनाहि हें तेल लागे. पण दिव्यापासून सुटलेला प्राणी यंत्राच्या तावडींत सांपडला, हें खरें.

अमेरिकेनें १९७० सालीं हा देवमासा नष्ट होऊं घातलेल्या प्राण्यांच्या यादींत घातला आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. १९७३ च्या कायद्यानें हें संरक्षण पक्कें झालें. तेल-कारखान्यांची तारांबळ उडाली. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनसाठीं घाईनें काढलेल्या एका पर्यायी द्रवानें कूलरमधील धातु खाल्ली व तो सुधारावा लागला. होहोबा नांवाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांत अगदीं तशाच जातीचें द्रवरूप मेण सांपडतें. त्याचेहि प्रयोग झाले. हें झुडूप पुढें राजस्थानांतहि लावलें गेलें. अखेर गाडीच्या आंसांत टिकलीं तीं कारखान्यांत तयार होणारीं गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनें. डब्यावर जीएल-५ असें लिहिलेलें असतें तें हेंच तेल.

या कथेची कसोटी लागते ती दुसऱ्याच्या हातून आलेल्या जुन्या डिझेल पिकअपमध्यें. १९८९ सालीं डॉज कंपनीनें आपल्या पिकअपमध्यें कमिन्सचें ५.९ लिटरचें डिझेल इंजिन बसविलें. (याच कमिन्सनें १९६२ सालीं किर्लोस्करांशीं भागी करून पुण्यास कारखाना काढला.) शक्ति १६० अश्वांचीच, पण पीळ ४०० फूट-पौंडांचा, आणि तोहि इंजिन मंद फिरत असतांना. खालच्या गिअरमध्यें हा पीळ अनेक पटींनीं वाढून पिनियनच्या दोन-तीन दांतांवर येतो. अशा गाड्यांनीं आयुष्यभर ओझीं ओढलेलीं असतात. इंजिनाचें तेल पहिला मालक हौसेनें बदलतो; मागच्या आंसाचें बदललें कीं नाहीं हें कागदांत क्वचितच सांपडतें.

म्हणून जाणता माणूस अशी गाडी घरीं आणली कीं प्रथम सारीं तेलें काढतो. डिफरन्शिअलचें भरण्याचें बूच तो आधीं सैल करून पाहतो आणि मगच तेल सोडतो. कारण तेल सांडून गेल्यावर वरचें बूच गंजून बसल्याचें कळलें तर गाडी जागींच अडकते. आंतील लोहचुंबकावर करडा लगदा असला तर ती वयाची झीज समजावी. टोंचणारे तुकडे असले तर दांतांची वाट लागली आहे. तेल ताकासारखें पांढुरकें असेल तर हवा खेळण्याच्या नळींतून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी शिरलेलें आहे.

खरा धोका मात्र उत्साहाचा. आंसासाठीं आणलेलें उरलेलें तेल गिअरपेटींत ओतण्याचा मोह होतो. जो गंधक पोलादाला तारतो तोच पितळेला व काशाला मारक ठरूं शकतो, आणि हातानें बदलावयाच्या गिअरपेटींत वेग जुळविणारीं कडीं बहुधा त्याच धातूंचीं असतात. याच डॉजला पुढें बसविलेल्या एनव्ही ४५०० या गिअरपेटीला जीएल-४ जातीचें खास तेल सांगितलेलें आहे. चारी चाकांना शक्ति वांटणाऱ्या पेटींत अनेकदां ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचाच द्रव असतो. ब्रेकचा द्रव हवेंतील ओल पितो व उतारावर उकळूं लागतो. फोर्डच्या १९८३ पासूनच्या जुन्या डिझेल इंजिनांत तर थंडाव्याच्या पाण्यांत संरक्षक औषध नसेल, तर सिलिंडरच्या कंपनानें उठणारे बुडबुडे फुटून फुटून पाणीच लोखंडाला भोंक पाडतें.

मागच्या आंसांत घसरण रोखणारीं पाटें असलीं तर जीएल-५ तेलांतहि आणखी एक लहान बाटली ओतावी लागते. नाहीं तर वळणावर पाटें एकमेकांस चिकटून गाडी थरथरते. त्या बाटलींतील द्रवाचें काम एके काळीं देवमाशाचें तेल करीत असे. मग गाडी सपाट जमिनीवर ठेवून, बुचाच्या भोंकाच्या कडेशीं तेल येईपर्यंत भरावें, गाडी थोडी फिरवून आणावी आणि पुन्हां एकदां पाहावें. आंसाच्या नळ्यांत शिरलेलें तेल तेवढें कमी झालेलें असतें.