सक्ती आणि सोय : अमेरिकेतील पोलीस प्रशिक्षणाची गोष्ट

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. पोलिसाने प्रशिक्षण घेतलंच पाहिजे, असा कायदा राज्याने केला. ठीक. पण ते मिळणार कुठे, आणि खर्च कोणी करायचा?

अमेरिकेत पोलीस म्हणजे एक खातं नाही. शहराचं दल वेगळं, काउंटीच्या शेरीफचं वेगळं. अशी हजारो दलं आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत दहा माणसंही नाहीत. शंभर वर्षांपूर्वी बहुतेक ठिकाणी नव्या शिपायाला बिल्ला आणि पिस्तूल देत आणि जुन्या शिपायाबरोबर रस्त्यावर पाठवत. कॅलिफोर्नियातील बर्कलीला ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ साली पोलिसांसाठी शाळा काढली. पण बर्कली हे विद्यापीठाचं गाव; शिकवायला प्राध्यापक हाताशी होते. पाच शिपायांच्या खेड्याने काय करायचं? एकाला शिकायला पाठवलं, तर गस्त कोण घालणार?

१९५९ साली दोन राज्यांनी याला दोन उत्तरं दिली. न्यूयॉर्कने कायद्याने सक्ती केली : किमान प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय नगरपालिकेच्या पोलिसाला कायम नेमणूक नाही. कॅलिफोर्नियाने सुरुवातीला सक्ती केली नाही. जे शहर राज्याचे निकष मान्य करील, त्याला प्रशिक्षणाच्या खर्चाचा परतावा मिळे. त्यासाठीचा पैसा फौजदारी दंडावर आकारलेल्या जादा रकमेतून उभा राहिला. म्हणजे एकाने आधी नियम केला, दुसऱ्याने आधी सोय केली.

पुढे १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या आयोगाने शिफारस केली, की प्रत्येक राज्यात पोलिसांचे निकष ठरवणारी संस्था असावी आणि वर्गातलं शिक्षण किमान ४०० तासांचं असावं. राज्यं एकेक करून आली. सर्वांत शेवटी हवाईने २०१८ साली असं मंडळ स्थापण्याचा कायदा केला.

पण अनेक राज्यांच्या कायद्यांत एक पळवाट राहिली. 'नेमणुकीनंतर अमुक महिन्यांत प्रशिक्षण पूर्ण करावे.' ही मुदत काही ठिकाणी वर्षभराची. अकादमीत जागा नसते, ती दूर असते, पुढची तुकडी उशिरा सुरू होते. म्हणून ही सवलत. अडचण खरी आहे, हो. पण त्या मधल्या काळात कमरेला पिस्तूल लावून रस्त्यावर उभा असतो तो न शिकलेला माणूस. अडचण कायद्याची, धोका मात्र नागरिकाचा आणि त्या शिपायाचाही.

कान्टच्या नीतिशास्त्रातला एक विचार आम्ही वर्गात नेहमी शिकवायचो : जे करणं शक्यच नाही, ते कर्तव्य म्हणून लादता येत नाही. मी त्यात राज्यापुरती एक भर घालीन. जो कर्तव्य लादतो, त्याने ते शक्य करून देण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे. म्हणून असा कायदा वाचताना नुसते तास मोजू नका. अकादमीतल्या जागाही मोजा.