रुग्णाच्या उशाशी : एका नव्या अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

अर्धांगवायू झालेल्या माणसाला कुशीवर वळवायचे असेल, तर आधी त्याला तसे सांगायचे असते. 'आजोबा, आता तुम्हाला उजव्या कुशीवर वळवतो हं.' त्यांना ऐकू येते का, कळते का, याचा हिशेब न करता सांगायचे. मग आपण त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहायचे. त्यांचा उजवा हात अंगापासून थोडा दूर सरकवायचा, डावा छातीवर घ्यायचा, डावा गुडघा दुमडायचा. एक तळवा पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा कमरेमागे ठेवायचा आणि मान, पाठ, कंबर एका रेषेत राखत अलगद आपल्याकडे वळवायचे. लुळा हात अंगाखाली दबला नाही ना, ते पाहायचे. पाठीशी उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. आणि वळवलेच आहे, तर पाठही पाहून घ्यायची. माकडहाडाशी कातडी लाल झाली आहे का? बोटाने दाबल्यावर लाली क्षणभर जाते, की तशीच राहते? तशीच राहत असेल, तर शय्याव्रणाची सुरुवात झाली आहे आणि हे सिस्टरांना आत्ताच सांगायला हवे, ड्यूटी संपताना नव्हे.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ही लाली दिसेलच असे नाही. तिथे हाताच्या पाठीने चाचपावे लागते: आजूबाजूच्यापेक्षा ती जागा गरम लागते का, टणक लागते का. गोऱ्या कातडीची चित्रे पाहून शिकलेल्याच्या हातून हे निसटते. म्हणून हे चित्रावरून नव्हे, हाताला धरून शिकवायचे असते.

हे सगळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना शिकवता येते, आणि नीट शिकवता येते, या खात्रीने मी हे लिहीत आहे. शाळेच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात रुग्णसहायकाचे प्रशिक्षण सुरू करू पाहणारे शिक्षक, मुख्याध्यापक, रुग्णालयांच्या मेट्रन आणि मुलांचे आईवडील, या साऱ्यांचे या क्षेत्रात मनापासून स्वागत.

या कामाला आपल्याकडे नाव नव्हते असे नाही, नाते होते. वॉर्डात काम करणाऱ्या बाईला आपण 'मावशी' म्हणतो, पुरुषाला 'मामा'. त्या हाकेत माया आहे, पण त्या मायेआड एक गोष्ट झाकली गेली: मावशींना जे येते ते त्यांना कुणी शिकवलेले नसते, आणि त्या जे पाहतात ते त्यांना कुणी विचारत नाही. जुन्या वैद्यकाची समज याबाबत अधिक स्वच्छ होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत असेही तिथे म्हटले आहे: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. यांतले ज्ञान पहिले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आणि ज्या शब्दाने आपण ही सेवा ओळखतो तो 'शुश्रूषा' हा शब्द मुळात 'ऐकण्याची इच्छा' सांगणारा आहे. रुग्णाचे ऐकणे, त्याच्या अंगाचे ऐकणे आणि ऐकलेले योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, हाच या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. चादर बदलणे, बेडपॅन देणे, स्पंजिंग करणे ही कामे त्या ऐकण्याच्या संधी आहेत.

एक उदाहरण देते. सरावाला गेलेल्या अकरावीच्या एका मुलीने वहीत लिहिले होते: 'सकाळी 8.10. आजी रोज दोन पोळ्या खातात, आज अर्धीच खाल्ली. पाणी पिताना खोकला आला. आवाज ओला वाटला. सिस्टरांना सांगितले.' चार ओळी. पण गिळताना ठसका लागणे आणि आवाज ओलसर होणे ही पाणी किंवा अन्न श्वासनलिकेकडे जात असल्याची खूण असू शकते, आणि ते वेळीच कळले नाही तर न्यूमोनिया होऊ शकतो. तिने निदान केले नाही, करायचेही नव्हते. तिने काल आणि आज यांतला फरक पाहिला आणि कळवला. या पिढीला आपण एवढे शिकवू शकलो, तर पुष्कळ झाले.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे खोल आहेत. पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि परिचारिकेचे काम भल्या घरच्या बायकांचे नव्हे असे मानणाऱ्या त्या काळात तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात हे काम शिकायला गेल्या. जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले आणि अक्षरओळखही नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी सोपवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले; 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पाबळच्या विज्ञान आश्रमात तर हे थेट शाळेतच आले. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली सुरू केलेल्या या संस्थेच्या शालेय अभ्यासक्रमात शेती आणि वर्कशॉपच्या जोडीला गृह व आरोग्य हाही विभाग आहे. या सगळ्यांतून मी एवढेच घेते: शिकणाऱ्याची पदवी किती मोठी यापेक्षा शिकवणारा किती जवळ उभा आहे आणि किती वेळा हातून करून घेतो, यावर या कामाचा दर्जा ठरतो.

आमच्या नाशिकला या बाबतीत जे लाभले आहे ते फार थोड्या शहरांना लाभते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून इथे, म्हसरूळला आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून इथे आहे, आणि त्याने रुग्णसहायक हा प्रमाणपत्र शिक्षणक्रम चालवला. 'रुग्णसहायक' हा सुटसुटीत मराठी शब्द मी तिथूनच घेतला आहे. याच विद्यापीठात आरोग्य विज्ञान शाखा सांभाळलेले डॉ. श्याम अष्टेकर यांनी त्याआधी दिंडोरीत ग्रामीण रुग्णालय चालवले आणि 'भारतवैद्यक' लिहून साध्या मराठीत आरोग्याचे पाठ्यपुस्तक कसे असते ते दाखवून दिले. मराठा विद्या प्रसारक समाज ही 1914 सालची संस्था शाळाही चालवते आणि आडगावला वैद्यकीय महाविद्यालयही. म्हणजे वर्ग आणि वॉर्ड एकाच छत्राखाली आहेत. आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालयही नाशिकलाच आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आश्रमशाळांतून येणाऱ्या मुलामुलींना कोकणा किंवा वारली बोली येते. पाड्यावरून आणलेली म्हातारी वॉर्डात गप्प पडून असते, तेव्हा 'कुठे दुखते' हे तिच्या बोलीत विचारणारे माणूस जवळ असणे हीच अर्धी तपासणी असते.

शालेय चौकटही अगदीच नवी नाही. 1988-89 पासून राज्यात अकरावी-बारावीला किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम चालत आले, त्यांत अर्धवैद्यकीय गट होता, पुढे बाल, वृद्ध व आरोग्य सेवा हा विषयही आला. समग्र शिक्षा योजनेखाली माध्यमिक शाळांत आरोग्यसेवा हा व्यवसाय विषय घेता येतो. त्याची पाठ्यपुस्तके भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षा संस्थेने तयार केली आहेत. नववी-दहावीला घरगुती रुग्णसेवा आणि अकरावी-बारावीला जनरल ड्यूटी असिस्टंट असा तो चढ आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निम्म्या विद्यार्थ्यांपर्यंत व्यवसाय शिक्षण पोहोचवण्याची मुदत 2025 ही ठेवली होती.

कोविडने या कामाची निकड उघडी पाडली. जून 2021 मध्ये केंद्र सरकारला एक लाख माणसांसाठी तातडीचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण जाहीर करावे लागले, त्यात घरी रुग्णाची काळजी घेण्यापासून नमुने गोळा करण्यापर्यंत सहा प्रकारची कामे होती. आग लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते होते. ही विहीर शाळेत आधीच खणून ठेवता येते.

मात्र पालकांना स्पष्ट सांगावे लागेल असे काही आहे. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान 2,000 तासांची, दोन ते चार वर्षांत विभागलेली पदविका किंवा पदवी लागते. शाळेतले प्रमाणपत्र तेवढे नाही आणि त्याने तसा आवही आणू नये. बी.एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागते. ज्या मुलीला तिकडे जायचे आहे तिने अकरावीला विषय निवडतानाच हे ठाऊक असायला हवे. पुढची वाट न दाखवता मुलांना या वर्गात बसवणे म्हणजे रुग्णालयांना स्वस्तात हात पुरवणे, आणि मला ते मुळीच मान्य नाही. सरावाला आलेल्या मुलांकडून दिवसभर फाइली नेण्या-आणण्याचे आणि फरशी पुसण्याचे काम करून घेतलेले मी पाहिले आहे. अशा ठिकाणी मुले दमतात, शिकत काहीच नाहीत.

अमेरिकेत नर्सिंग असिस्टंटसाठी 1987 च्या कायद्यानंतर देशभर किमान 75 तासांचे प्रशिक्षण ठरले, आणि त्यातला एक नियम मला उचलण्याजोगा वाटतो: रुग्णाला हात लावण्याआधी 16 तास केवळ संवाद, संसर्गप्रतिबंध, सुरक्षितता आणि रुग्णाचे हक्क यांवर द्यायचे. आपल्या वर्गातही आधी साबणाने 40 ते 60 सेकंद हात धुणे अंगवळणी पडू द्यावे. नाडी एकमेकांची मोजावी, आणि पूर्ण मिनिट मोजावी, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये. रुग्णाचे पांघरूण काढण्याआधी पडदा ओढायचा, हे बोलून नव्हे तर दर वेळी करून दाखवावे. पिवळी आणि लाल पिशवी, निळ्या खुणेचा खोका आणि सुयांचा पांढरा डबा, या 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतल्या रंगांची ओळख पहिल्या आठवड्यातच व्हावी. वापरलेल्या सुईला मात्र विद्यार्थ्याने हात लावायचा नाही.

शेवटची सूचना वेळापत्रक आखणाऱ्यांसाठी. हिपॅटायटिस-बी लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी द्यायचे असतात. लहानपणी लस घेतल्याची नोंद ज्यांच्याकडे नाही, त्यांचा पहिला डोस जूनमध्ये, प्रवेश होताच व्हावा. मग दुसरा जुलैत पडतो, तिसरा डिसेंबरात, आणि वॉर्डातला सराव जानेवारीपासून ठेवता येतो. तोवरचे सहा महिने वर्गातल्या दोन खाटा, एक पुतळा, चादरी, मॅकिंटॉश म्हणजे रबरी चादर, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि एकमेकांची मनगटे यांवर निघतात.