परमुलखाचा निरोप आणि मराठी ओवी

निरोप पोचवणे हे काम दिसते तितके सोपे नाही. एका गावचा निरोप दुसऱ्या गावी नेणारा माणूस दोन प्रकारे फसतो. एक तर तो निरोप जसाच्या तसा सांगतो, पण ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या बोलीत. मग निरोप शाबूत राहतो, पण पोचत नाही. किंवा ऐकणाऱ्याला रुचावा म्हणून तो मूळ मुद्द्यालाच हात घालतो. मग काहीतरी पोचते खरे, पण तो निरोप नव्हे. दूरदेशीचा धर्म सांगायला निघालेल्या माणसापुढे तर हा पेच जन्मभराचा असतो. अशाच एका माणसाची आणि त्याच्या ग्रंथाची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. माणूस इंग्रज, गाव गोव्याचे, आणि ग्रंथ चक्क मराठी ओवीतला.

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडातल्या विल्टशायर प्रांतात झाला. रोमला जाऊन ते जेझुइट संघात दाखल झाले. 1579 च्या एप्रिलात लिस्बनहून जहाजात चढले आणि ऑक्टोबरात गोव्यास उतरले. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते ह्याच भूमीत राहिले. त्यांतली बहुतेक साष्टी महालात गेली.

हा काळ कसा होता, ते आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. सत्ता पोर्तुगीजांची होती. 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले होते. साष्टीतली देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती आणि जुन्या धर्मग्रंथांवर बंदी होती. 1583 च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी गावात लोकांचा संताप उसळला आणि पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे देह ताब्यात घेण्याचे काम स्टीफन्स ह्यांच्याकडे आले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तेथे त्यांना ठार केले. प्रेमाचा निरोप घेऊन आलेल्या माणसाच्या पाठीशी अशी तलवार उभी होती. ही गोष्ट झाकून त्याच्या ग्रंथाची थोरवी सांगणे खरे होणार नाही.

आता हे पाहा. तलवार माणसाला गप्प बसवू शकते, देऊळ पाडू शकते, नावही बदलायला लावू शकते. पण संध्याकाळी दिवा लागल्यावर घरात काय ऐकायचे, मुलाबाळांना काय सांगायचे, हा प्रश्न तलवारीने सुटत नाही. पिढ्यान् पिढ्या पुराणे ऐकलेली ती माणसे होती. ग्रंथाच्या आरंभीच असा प्रसंग येतो, की एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो : आमची पहिली पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? ह्या सवालात केवढी पोकळी बोलून दाखवली आहे! स्टीफन्स ह्यांचा सारा ग्रंथ त्या सवालाचे उत्तर आहे.

तो ग्रंथ 1616 मध्ये राचोल येथे छापला गेला. आपण त्याला ‘क्रिस्तपुराण’ म्हणतो. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे हे काव्य दोन भागांत आहे. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा, तर दुसऱ्यात येशूचा जन्म, उपदेश, मरण आणि पुनरुत्थान. सांगण्याची रीत मात्र आपल्या पुराणाची : सांगणारा गुरू, समोर श्रोते, मधूनच कोणी शंका काढतो, गुरू ती फेडतो आणि कथा पुढे चालते. रविवारी व सणावारी देवळातली धर्मशिकवण संपली, की हे पुराण वाचले जाई.

तुम्ही म्हणाल, साष्टीतले लोक तर कोकणी बोलणारे, मग मराठी कशाला? स्टीफन्स ह्यांना दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या. कोकणीचे व्याकरण त्यांनीच रचले. ते त्यांच्या मागे, 1640 मध्ये छापले गेले. पण देवाधर्माचे काव्य त्या मुलखातले लोक मराठीतून ऐकत आलेले होते. देवाच्या गोष्टी सांगायला ही भाषा योग्य वाटली, असे त्यांनी प्रस्तावनेत लिहिले आहे. त्याबरोबर हेही सांगितले आहे, की शुद्ध मराठी सामान्य माणसांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून त्यांनी तेथल्या ब्राह्मणी बोलीचे, म्हणजे कोकणीचे, सोपे शब्द मिसळले. शिक्षक बंधुभगिनींनी हे वाक्य मनात ठेवावे. भाषेच्या शुद्धतेइतकीच ऐकणाऱ्याच्या समजुतीची काळजी त्यांनी वाहिली.

खरा कस लागला तो शब्दांच्या निवडीत. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. ऐकणाऱ्याच्या मनात तो विष्णूचे स्थान म्हणून बसलेला, हे त्यांना माहीत नसेल असे कसे म्हणावे? तरी त्यांनी तो घेतला, कारण परम सुखाचे ठिकाण म्हटले, की ह्या लोकांच्या डोळ्यांपुढे तेच नाव येई. मग हजारो ओव्यांतून त्या शब्दात नवा अर्थ भरला. उलट ‘स्पिरितु सांतु’, म्हणजे पवित्र आत्मा, हे नाव त्यांनी परकेच ठेवले. जेथे जुना शब्द नव्या अर्थाला वाट देईल तेथे तो घ्यायचा. जेथे तो मूळ विचार झाकून टाकील तेथे परका शब्द आणायचा आणि समजावून द्यायचा, असा विवेक ह्या निवडीत दिसतो. आपले हाल होऊ नयेत म्हणून सगळेच शब्द पोर्तुगीज ठेवणे सोपे होते, आणि टाळी मिळावी म्हणून सगळेच जुने ठेवणेही सोपे होते.

लिपीची तर निराळीच अडचण. येथली पुस्तके येथल्याच अक्षरांत छापली जावीत, अशी स्टीफन्स ह्यांची फार वर्षांची इच्छा होती. 1608 मध्ये रोमला धाडलेल्या पत्रात त्यांनी ती कळवली आणि अडचणही सांगितली : युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, येथे जोडाक्षरे, काना, मात्रा धरून सहाशेच्या आसपास साचे लागतील. ते काही जमले नाही. म्हणून हे मराठी पुराण रोमन लिपीत छापले गेले.

पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या बोलीतून निरोप पोचला, तीच बोली मोडायला निघालेला हा कारभार! पण पुराण मेले नाही. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. त्यांवरून 1907 मध्ये मंगळूरला छापील आवृत्ती निघाली, आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्याहून ते देवनागरीत आणले. हुकमाने लादलेले लोकांनी किती जपले आणि ओवीतून आलेले किती जपले, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

स्टीफन्स गेल्यावर बरोबर तीनशे वर्षांनी, 1919 मध्ये, नारायण वामन टिळक निवर्तले. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे कोकणातले कवी. तेव्हाच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, ते पुष्कळ वर्षे राहिले. प्रार्थनामंदिरांतून त्या काळी विलायती चालींवरची भाषांतरित गीते घुमत. टिळकांनी तेथे अभंग आणि कीर्तन आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले आणि 1938 मध्ये प्रसिद्ध झाले. स्टीफन्स बाहेरून येऊन मराठी शिकले. टिळकांना ती शिकावी लागली नाही. निरोप आता घरच्याच माणसाच्या तोंडी आला होता, आणि त्याच्या पाठीशी तलवार नव्हती.

तुमच्या गावच्या वाचनालयात ‘क्रिस्तपुराण’ मिळाले, तर त्यातल्या काही ओव्या वर्गात मोठ्याने वाचा. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर तिलाही ऐकायला बोलवा. मग मुलांना विचारा : ह्यांतले कोणते शब्द आपले, कोणते बाहेरून आले, आणि ते तसे का ठेवले असतील? धर्म कोणता का असेना, दुसऱ्याचे म्हणणे न बिघडवता सांगावे कसे, आणि ते ऐकणाऱ्याचा मान राखावा कसा, ह्याचा धडा त्यांना तेथे मिळेल.