कौटिलीय अर्थशास्त्रांतील अश्वशिक्षा

इ. स. २०२३ मध्यें चीनमधील हांगझोऊ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत भारतीय स्वारांच्या संघास ‘ड्रेसाज’ या प्रकारांत सुवर्णपदक मिळालें. स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यासरशी घोड्याकडून नियमबद्ध चाली करवून घेण्याची ही विद्या युरोपांतून आली, अशी समजूत आहे. व आजच्या पद्धतीपुरती ती खरीहि आहे. परंतु अशा शिक्षणाचा एक क्रम आपल्या प्राचीन ग्रंथांतहि नमूद आहे. त्याचें स्वरूप वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तो ग्रंथ कौटिलीय अर्थशास्त्र होय. आर. शामशास्त्री यांनीं तो इ. स. १९०९ मध्यें म्हैसूर येथें प्रथम छापून प्रसिद्ध केला. पुढें मुंबई विद्यापीठातर्फे र. पं. कंगले यांची चिकित्सित आवृत्ति १९६० मध्यें निघाली. दुसऱ्या अधिकरणाच्या तिसाव्या अध्यायांत अश्वाध्यक्षाचीं कर्तव्यें आहेत. घोडा चार किंवा पांच वर्षांचा झाल्यावरच कामास योग्य, असें कौटिल्य सांगतो. घोड्यांचे स्वभाव तो तीक्ष्ण, भद्र व मंद असे तीन मानतो, व स्वभाव पाहूनच त्यांस युद्धाच्या अगर स्वारीच्या कामास लावावें, असा त्याचा आदेश आहे. कोवळ्या घोड्यावर घाईनें भार घालूं नये व प्रत्येकास एकाच मापानें मोजूं नये, हें आजचे जाणते शिक्षकहि सांगतात.

स्वारीच्या घोड्याचें शिक्षण त्यानें पांच वर्गांत विभागिलें आहे: वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र. वल्गनाचे सहा, नीचैर्गताचे सोळा, लंघनाचे सात व धोरणाचे आठ प्रकार त्यानें नांवनिशीवार दिले आहेत. लंघनांत कपिप्लुत, भेकप्लुत, एणप्लुत, म्हणजे वानर, बेडूक व हरीण यांच्यासारख्या उड्या. धोरणांत मायूर, नाकुल, वाराह इत्यादि चाली. पांचवा वर्ग मात्र निराळा आहे. नारोष्ट्र म्हणजे संज्ञाप्रतिकार, अर्थात् इशाऱ्यास घोड्यानें दिलेला प्रतिसाद. त्याचे पोटभेद नाहींत. आमच्या मतें हा वर्ग कोणतीहि एक चाल नसून साऱ्या चालींचें फलच होय. आणि आजच्या ड्रेसाजचेंहि मर्म हेंच आहे.

तथापि येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. नीचैर्गतांतील ‘पार्श्वानुवृत्त’ हा शब्द पाहतांच युरोपीय शाळेंतील आडव्या चालीची आठवण होते. परंतु शब्दाच्या व्युत्पत्तीवरून घोड्याचे पाय नेमके कसे पडत, हें सिद्ध होत नाहीं. पारिभाषिक शब्द काळानुसार कसे बदलतात, याचा पुरावा घरांतच आहे. कौटिल्याच्या पांच धारा विक्रम, वल्गित, उपकंठ, उपजव व जव अशा आहेत. अमरसिंहानें आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित व प्लुत अशा दिल्या आहेत. दोन्ही याद्यांत समान नांव एकच, वल्गित. मग एका यादीनें दुसरीचा अर्थ लावणें कितपत सुरक्षित?

आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां अमराच्या या पांच धारा विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षें पाठ करवून घेतल्या. यांपैकीं रेचित कोणती व प्लुत कोणती, हें घोड्यावर दाखवा, असें एकाहि मुलानें विचारलें नाहीं. विचारलें असतें तर आम्हांस मान खालीं घालावी लागली असती. शब्द आमच्यापाशीं होता, घोडा नव्हता.

युरोपांत असें झालें नाहीं. ग्रीक लेखक झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. धाकानें करविलेल्या कृतींत घोड्यास समज नसते व ती सुंदरहि दिसत नाहीं, हा विचार त्यांत आहे. पुढें नेपल्सचा ग्रिझोने याचा ग्रंथ १५५० मध्यें व फ्रान्समधील ला गेरिनिएर याचा १७३३ मध्यें निघाला. त्या दुसऱ्या ग्रंथाचीं तत्त्वें व्हिएन्नाच्या स्पॅनिश अश्वशाळेंत आजहि घोड्यांवर गिरविलीं जातात. तेथें शब्द आणि चाल यांची ताटातूट झाली नाहीं. आपल्याकडे शब्द पोथींत राहिला आणि तो चालवून दाखविणारा स्वार गेला.

म्हणून पोथीसंग्राहकांस आमची विनंति आहे. शालिहोत्राची किंवा अश्ववैद्यकाची एखादी जीर्ण पोथी हातीं आली, तर ती केवळ घोड्यांच्या औषधांचें बाड समजून बाजूस सारूं नये. तिच्यांत चालींचीं नांवें आहेत काय, त्यांवर देशभाषेंत कांहीं टीप आहे काय, समासांत कोणी पायांची मांडणी काढून ठेविली आहे काय, हें अवश्य पाहावें व आढळेल तें जसेंच्या तसें उतरून प्रसिद्ध करावें. एखाद्या अनामिक चाबुकस्वारानें घातलेली ओळभर टीप, ज्या कोड्यापुढें आमचें सारें व्याकरण थांबतें, तें कदाचित् सोडवूं शकेल.