डोलकराचं घड्याळ

‘मी डोलकर’ हे गाणं लागलं की ऐकणाऱ्याला वाटतं, डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा. पण डोल हे जाळ्याचं नाव आहे. लांब पिशवीसारखं हे जाळं प्रवाहाकडे तोंड करून एका जागी रोवतात. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि मासळी आत अडकते. पाणी थबकलं की जाळं उचलायचं. डोलकराचं घड्याळ असं पाण्यातच असतं. आपल्या संगीतातल्या समुद्राचा माग काढायचा तर तो याच घड्याळापासून.

कोळीगीताचा ठेका सहा मात्रांचा, झुलता. तीन मात्रांत वल्हं ओढावं, तीन मात्रांत परत आणावं, इतका तो त्या हालचालीला बसतो. पुढे लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटचा बँड आला, आगरी-कोळ्यांच्या हळदीत बँजो आला. वाद्यं बदलली, ठेका टिकला.

वाद्यवृंदाची वाट गोव्यातून आली. चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले गोवेकर वादक मुंबईच्या स्टुडिओत पोचले. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय रागांवर सिंफनी उभी केली. शांता शेळके, हृदयनाथ मंगेशकर, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचं ‘मी डोलकर’ घडलं ते अशाच वाद्यमेळाच्या मुंबईत. किनाऱ्यावरचा ठेका घराघरांत गेला.

समुद्रावर थेट वाद्यवृंदासाठीही लिहिलं गेलं आहे. युरोपात क्लोद दब्युसी यांचं ‘ला मेर’ १९०५ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा वाजलं. त्यात पहाटेपासून दुपारपर्यंतचा समुद्र आहे, लाटांचा खेळ आहे, वारा आणि दर्याचा संवाद आहे. माणूस कुठेच नाही. २०१३ मध्ये अमेरिकेचे जॉन लूथर ॲडम्स यांनी ‘बिकम ओशन’ रचलं. त्यात वाद्यवृंदाचे तीन गट आपापल्या गतीनं चढतात-उतरतात. मोजक्या क्षणी तिन्ही भरत्या एकत्र येतात आणि सगळं सभागृह पाण्याखाली गेल्यासारखं होतं. वितळणारा बर्फ आणि चढणारा समुद्र हाच त्या रचनेचा विषय. २०१४ मध्ये तिला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

आपल्याकडे मात्र समुद्रातला बदल संगीताच्या कागदावर येण्याआधी जाळ्यात आला. १९७० मध्ये नवं शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. खाजणं, मिठागरं आणि भातशेती यांच्या जागी नवी मुंबई उभी राहिली. भराव पडले, पूल आले. पाणी वाहायची वाट बदलली की सर्वांत आधी कळतं ते डोलकराला, कारण त्याची सगळी भिस्त प्रवाहावर. नवी मुंबईलगतच्या ठाणे खाडीच्या चिखलात हजारो रोहित पक्षी उतरतात. २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. खाडी जखमी आहे, पण जिवंत आहे.

या खाडीचं वाद्यवृंदासाठीचं संगीत कुणीतरी लिहायला हवं. वादक मुंबईत आहेत, ठेका गावठाणांत आहे. लिहिणाऱ्यानं त्याआधी एकच करावं: नवी मुंबईतल्या दिवाळे किंवा सारसोळेच्या धक्क्यावर एक भरती आणि एक ओहोटी, सुमारे साडेबारा तास, बसून ऐकावी. आणि पाणी थबकतं तेव्हा जाळं उचलणाऱ्याला विचारावं, आत काय आलं?