छिद्र ते क्रमांक : कोर्ट फीच्या पावतीचा इतिहास

'पावती' हा शब्द 'पावणे' या क्रियापदापासून आला आहे. पत्र पावले, पैसे पावले, देव पावला. या सर्व प्रयोगांत पाठवणाऱ्यापेक्षा पोचण्यावर भर आहे. फारसीतून आलेल्या 'रसीद' या शब्दाच्या मुळाशीही पोचण्याचाच अर्थ आहे. म्हणजे पैसे देणाऱ्याच्या हातून सुटले, एवढ्याने व्यवहार पुरा होत नाही. ते पोचले असे घेणाऱ्याने कबूल करावे लागते. दोन माणसांच्या व्यवहारात ही कबुली तोंडी असली तरी चालून जाते. पण घेणारा जेव्हा शासन असतो आणि पैसे पोचल्याखेरीज न्यायालयात आपले म्हणणेच दाखल होत नसते, तेव्हा कबुली कोणी द्यायची, ती कोठे नोंदवायची आणि कोणाच्या हाती राहायची, हे प्रश्न निर्णायक ठरतात. आज कोर्ट फी मोबाइलवरून भरता येते. या बदलाकडे सोय म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु पावतीच्या दृष्टीने पाहिले तर त्यामागे दोन शतकांहून अधिक काळाचा एक झगडा दिसतो.

मराठेशाहीतील न्यायव्यवस्थेत वाद गोतसभेपुढे किंवा सरकारी अधिकाऱ्यापुढे चाले. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून 'हरकी' आणि हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' घेतली जाई. या रकमा काही वेळा जड असत. त्यामुळे त्या व्यवस्थेचे सोवळे चित्र रंगवण्याचे कारण नाही. पण पैसे केव्हा द्यायचे, हा भेद महत्त्वाचा आहे. हरकी हा निकालानंतरचा व्यवहार होता. न्याय मागणाऱ्याला दाराशीच अडवणारे शुल्क हा कंपनी सरकारच्या काळातील प्रकार आहे.

बंगालमध्ये १७९५ च्या रेग्युलेशनने दावा दाखल करण्यावर शुल्क बसवले. मुंबई इलाख्यात अशी तरतूद १८०२ मध्ये आली. शुल्कामुळे खोट्या आणि खोडसाळ दाव्यांना आळा बसेल, असे त्यामागचे समर्थन होते. या समर्थनावर मेकॉलेने १८३५ मध्ये जहाल टीका केली. भारतीय शिक्षणाच्या संदर्भात ज्याचे नाव आपण बहुधा नापसंतीने घेतो, तोच हा मेकॉले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की शुल्क खोट्या फिर्यादीला दूर ठेवते तसेच खऱ्या फिर्यादीलाही ठेवते. गरिबाचा खरेपणा ओळखण्याची शक्ती शुल्कात नसते. पुढे दीडशे वर्षांनी, १९८८ मध्ये, कोर्ट फीसंबंधीच्या एका खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या टीकेची आठवण काढली आणि कोर्ट फी आकारण्याचा राज्यांचा अधिकार तरीही मान्य केला. वाद मिटला नाही. शुल्क राहिले.

शुल्क राहणार म्हटल्यावर ते कसे घ्यायचे, हा प्रश्न उरतो. १८७० च्या कोर्ट फी कायद्याने त्याचे जे उत्तर दिले, ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. या कायद्याच्या पंचविसाव्या कलमानुसार सर्व फी मुद्रांकांच्या रूपानेच घ्यायची होती. पक्षकाराने रोख पैसे घेऊन कारकुनासमोर उभे राहावे, ही कल्पना कायद्याने बाजूला सारली. पैसे कोषागाराकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायचे, बदल्यात मुद्रांक घ्यायचा आणि तो अर्जासोबत न्यायालयात द्यायचा. मुद्रांक ही एक प्रकारे आगाऊ पावतीच होती. शासनाला पैसे पावले आहेत हे सांगणारा कागद पक्षकार स्वतःच्या हाताने न्यायालयात नेत असे.

पण या कागदाला एक खोड होती. वापरलेले तिकीट सोडवून दुसऱ्या अर्जाला चिकटवले तर काय करायचे? एकच पावती दोनदा चालली तर शासनाचे नुकसान होते आणि प्रामाणिक पक्षकार मूर्ख ठरतो. याचे उत्तर तिसाव्या कलमात आहे. मुद्रांक रद्द झाल्याखेरीज तो कागद न्यायालयात दाखल करायचा नाही. रद्द करायचा तो मुद्रांकावरील मुखचित्राला छिद्र पाडून, मात्र रकमेचा आकडा शाबूत ठेवून. छिद्रातून निघालेला तुकडा जाळायचा किंवा अन्य रीतीने नष्ट करायचा. ज्या राणीच्या नावाने राज्य चालले होते तिचाच मुखवटा रोज शेकडो कचेऱ्यांत कापून काढला जात होता, तोही कायद्याच्या आज्ञेने! पण यातील शहाणपण पाहावे. आकडा राहतो म्हणून किती पैसे भरले हे कळते. चेहरा जातो म्हणून ते पुन्हा वापरता येत नाहीत. भरणा सिद्ध करणे आणि भरणा संपवणे ही दोन भिन्न कामे ते एकच छिद्र करत होते.

कागदी पुराव्याला केवढे बळ आले होते, याची साक्ष याच दशकात पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतून मिळते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून घेतले गेले, जाळले गेले. न्यायालयात सावकाराचा कागद बोलत होता. फेडीचे पैसे दिल्याचा कागद मात्र कुळाकडे नव्हता. म्हणूनच चौकशीनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात इतर तरतुदींबरोबर एक साधी तरतूद दिसते : शेतकऱ्याने पैसे दिले की त्याला लेखी पावती मिळण्याचा हक्क आहे. पावती हा उपकार नसून हक्क आहे, हे तत्त्व आपल्याकडे दंग्याच्या राखेतून कायद्यात आले. सावकाराच्या बाबतीत जे तत्त्व लागू झाले, तेच शासनाच्या बाबतीतही लागू व्हायला हवे. या लेखाचा सारा रोख त्या एका मुद्द्यावर आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५९ मध्ये स्वतःचा कोर्ट फी कायदा केला. राणीच्या जागी सिंहमुद्रा आली. पद्धत तीच राहिली आणि तिच्याभोवती एक छोटे जग उभे राहिले : कचेरीच्या आवारातील मुद्रांक विक्रेता, शेजारी टंकलेखक, अर्ज तपासणारा कारकून. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करणारा माणूसही महाराष्ट्रात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावू लागला, ते याच परंपरेने. तुटवडा झाला की तिकिटाला छापील किमतीपेक्षा अधिक पैसे मोजावे लागत. त्या जादा पैशांची पावती अर्थातच नसे.

या व्यवस्थेचा पाया एका गृहीतावर होता : मुद्रांक शासनाशिवाय कोणी छापू शकत नाही. अब्दुल करीम तेलगीने ते गृहीत मोडीत काढले. नाशिक रोडच्या छापखान्यातून भंगारात निघालेली यंत्रे त्याने मिळवल्याचे तपासात पुढे आले. २००१ मध्ये त्याला अटक झाली, २००७ मध्ये दीर्घ मुदतीची शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. १८७० च्या कायद्यातील छिद्र पुनर्वापर रोखत होते. पण मुळात खोट्याच असलेल्या मुद्रांकाला छिद्र पाडून काय साधणार? जोपर्यंत पुरावा कागदाच्या अंगी होता, तोपर्यंत कागदाची नक्कल हाच पुराव्याचा शेवट होता.

पुरावा कागदापासून वेगळा करण्याची कायदेशीर वाट त्यापूर्वीच मोकळी झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या सहाव्या कलमानुसार, एखाद्या कायद्याने पैसे विशिष्ट रीतीने भरावेत असे सांगितले असले, तरी शासनाने ठरवलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने केलेला भरणा त्या कायद्याची पूर्तता करतो. एका वाक्याने १८७० पासूनची मुद्रांकाची सक्ती सैल झाली. पुढे महाराष्ट्र शासनाची 'ग्रास' ही ऑनलाइन जमा प्रणाली आली आणि २०१८ मध्ये ई-कोर्ट्स प्रकल्पाची 'ई-पे' सेवाही सुरू झाली.

या प्रणालीचे काम थोडक्यात असे चालते. भरणा करणारा विभाग, कार्यालय, शुल्काचा प्रकार आणि रक्कम निवडतो. प्रणाली त्या चलानाला एक क्रमांक देते, ज्याला 'जीआरएन' म्हणतात. मग तो बँकेच्या पानावर जातो आणि नेट बँकिंग, कार्ड किंवा २०१६ पासून रूढ झालेल्या यूपीआयने पैसे देतो. बँक पैसे मिळाल्याचा संदेश प्रणालीला पाठवते, आपला क्रमांक जोडते, आणि नंतर रक्कम शासनाच्या खात्यात जमा करून हिशेब कोषागाराकडे देते. हे पैसे न्यायालयाचे होत नाहीत. फी राज्याच्या एकत्रित निधीत जाते. पोटगी, नुकसानभरपाई किंवा हुकूमनाम्याची रक्कम म्हणून न्यायालयात भरलेले पैसे मात्र शासनाचे उत्पन्न नसतात. ती दुसऱ्याची ठेव असते. संविधानाच्या २६६ व्या अनुच्छेदाने या दोन पैशांसाठी दोन वेगळ्या तिजोऱ्या कल्पिल्या आहेत. म्हणूनच संगणकावरील प्रकाराची चुकीची निवड ही क्षुल्लक चूक ठरत नाही.

आता त्या जुन्या छिद्राचे काय झाले? ते गेले नाही. छापलेल्या चलानाच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात, म्हणून त्या कागदाला मोल उरले नाही. न्यायालयातील कर्मचारी क्रमांक संगणकावर पडताळतो आणि तो वापरला गेल्याची नोंद करतो. या क्रियेला 'डिफेस' करणे म्हणतात. चेहरा विद्रूप करणे, हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ! चेहरा उरला नाही, कागद उरला नाही, तरी शब्दाने जुनी आठवण धरून ठेवली आहे. एकदा डिफेस झालेला क्रमांक दुसऱ्या दाव्यात चालत नाही. तेलगीच्या पद्धतीची नक्कल येथे निरर्थक ठरते, कारण नक्कल करायला वस्तूच नाही. ही प्राप्ती मोठी आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

परंतु तिची एक किंमत आहे. मुद्रांक हा पक्षकाराच्या मुठीत असलेला पुरावा होता. आता पुरावा शासनाच्या नोंदवहीत असतो आणि पक्षकाराच्या हाती त्या नोंदीचा केवळ पत्ता असतो. बँकेतून पैसे गेले पण संदेश प्रणालीपर्यंत पोचला नाही, तर चलान 'प्रलंबित' दिसते. पैसे सुटले, पण पावले नाहीत. एरवी ही गैरसोय असते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मात्र तिच्यामुळे हक्कच बुडू शकतो.

यावर कायद्यात औषध नाही असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १४९ व्या कलमानुसार न्यायालय कमी पडलेली फी नंतर भरण्याची परवानगी देऊ शकते, आणि ती भरल्यावर दस्ताला पहिल्यापासून फी भरल्यासारखाच परिणाम प्राप्त होतो. १९०८ च्या संहितेतील ही उदारता पैसे नसलेल्यासाठी होती. ज्याने पैसे दिले आहेत पण ज्याची नोंद वाटेत अडकली आहे, त्याचा हक्क तर त्याहून बळकट मानायला हवा. खात्यातून रक्कम गेल्याची वेळ हीच भरण्याची वेळ समजावी आणि नोंद जुळवण्याचे ओझे नोंदवही बाळगणाऱ्यावर असावे, हा न्याय १८७९ च्या पावतीच्या हक्काला धरूनच आहे.

मोबाइलवरील दंडाच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे वाहतूक चलानांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. वाहनमालकाला संदेश येतो. तो घरबसल्या दंड भरू शकतो किंवा चलानाला आव्हान देऊ शकतो. हजारोंचे हेलपाटे यामुळे वाचतात. पण दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. येथे पावती हीच कबुली बनते, आणि ती घेणाऱ्याची नसून देणाऱ्याची असते. भरणे काही क्षणांचे काम असेल आणि आव्हान देणे कामाचा दिवस मोडणारे असेल, तर निरपराध माणूसही हिशेब करून भरून टाकेल. खरी फिर्याद शुल्कामुळे दाराबाहेर राहते, असे मेकॉले म्हणत होता. येथे खरा बचाव सोयीमुळे बाहेर राहतो.

शेवटी जे भरायचेच नाही त्याविषयी. संहितेच्या तेहेतिसाव्या आदेशाने निर्धनाला फीविना दावा करता येतो. १९७६ च्या दुरुस्तीने तेथील 'पॉपर' हा हिणवणारा शब्द काढून 'इंडिजंट' हा शब्द घातला. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट यांसंबंधीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ झाली. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली फी परत मिळते. या सवलती कारकुनाच्या खिडकीवर माणसाने माणसाला सांगून मिळत असत, आणि नाकारल्याही जात असत. संगणकाच्या पडद्यावर रकमेचा रकाना भरल्याखेरीज पुढचे पान उघडत नसेल, तर माफी कायद्यात राहून व्यवहारातून नाहीशी होईल. शून्य ही रक्कमही प्रणालीला पावली पाहिजे.

१८७० च्या कायदेकारांनी छिद्र कोठे पाडायचे हे नेमके सांगितले : चेहऱ्यावर, आकड्यावर नाही. पक्षकाराने दिलेले त्याच्या कागदावर वाचता यावे, एवढी काळजी त्या परक्या सरकारनेही घेतली होती. आजच्या प्रणालीकडून तिच्याहून कमी काळजीची अपेक्षा आपण का करावी?